वीरसौध आणि तात्पुरते विजयनगर

बेळगावच्या टिळकवाडीतील काँग्रेस रोडवरचे वीरसौध हे स्मारक पाहायला जाणाऱ्याने आतील छायाचित्रांइतकाच वेळ तेथील विहिरीपाशी द्यावा, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले होते. महात्मा गांधींनी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले ते केवळ बेळगावच्या या अधिवेशनात.

अधिवेशनासाठी उभारलेल्या तात्पुरत्या नगराला विजयनगर हे नाव दिले होते. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या उभारणीत नुसती राहण्याजेवणाची सोय पाहिलेली नव्हती, तर तिच्यामागे एक निश्चित वास्तुकल्पना होती. प्रवेशद्वाराला हंपीच्या विरूपाक्ष मंदिराच्या गोपुराचा आकार देण्यात आला होता आणि त्याची उंची सुमारे ७० फूट होती. हंपीचे मूळ गोपुर जवळपास ५० मीटर उंच असून त्याचा तळ दगडी आहे, तर वरचे मजले विटांचे आणि प्रत्येक मजल्यागणिक आक्रसत जाणारे आहेत. शतकानुशतके टिकावे म्हणून ज्या रचनेचा विचार झाला, तिचेच रूप थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी बेळगावात उभे करावे, ही कल्पना मला फार मोठी वाटते. लहानग्या गंगूबाई हनगल गांधीजींसमोर गायल्या, त्याही याच नगरात.

तंबू उतरले, गोपुर गेले. राहिली ती विहीर. जमलेल्या लोकांना पाणी पुरावे म्हणून ती खोदण्यात आली, पंपा सरोवर हे हंपीकडचेच नाव तिला मिळाले आणि तिच्यासाठी ४,३७० रुपये ३ आणे खर्च झाल्याची नोंद आहे. गावात मात्र सगळे तिला काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखतात. वीरसौध हे स्मारक तिच्या सोबतीने पुष्कळ नंतर उभे राहिले, आणि माझ्या मते तेच त्याचे सर्वांत मोठे बळ आहे, कारण छायाचित्रातील प्रसंग जेथे घडला तीच जमीन पाहणाऱ्याच्या पायाखाली असते.

छायाचित्रांवरून नेते ओळखता येतात, पण नगराच्या विस्ताराचा अंदाज येत नाही. म्हणून शाळेतील मुलांना येथे आणणाऱ्या शिक्षकांनी आधी त्यांना विहिरीच्या काठाशी उभे करावे, साधारण सात मजली इमारतीएवढे प्रवेशद्वार डोळ्यांसमोर आणायला सांगावे आणि मगच आत न्यावे.