संशोधन आराखडा नामंजूर झाला तेव्हा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांतील तळमजल्यांत पाणी शिरले. भूगोलात पीएच.डी. करण्याचे मी ठरवले होतेच. विषय त्या पुराने दिला. शहरातील सगळे तलाव, नाग नदी, पाणीपुरवठा, पूर आणि पुढील उपाय असे सारे एकत्र बांधून मी बेचाळीस पानांचा आराखडा तयार केला आणि पुढच्या जून महिन्यात तो समितीसमोर मांडला.

तो नामंजूर झाला. लेखी अभिप्राय चारच ओळींचा होता. परंतु एका सदस्यांनी सर्वांसमोर उच्चारलेले वाक्य, ‘हा प्रबंध नव्हे, ही स्मरणिका आहे,’ माझ्या मनातून जाईना. घरी येऊन मी दार लावून घेतले. आई बाहेरून एवढेच म्हणाली, ‘आधी जेवून घे, मग रडजो.’ मी तसेच केले, आणि आजही मला वाटते की त्या दिवशी याहून योग्य सल्ला कोणी देऊ शकले नसते. तो कागद मी आठ दिवस उघडला नाही.

नवव्या दिवशी मार्गदर्शक मॅडमना भेटले. त्यांनी सांत्वन केले नाही. प्रत्येक शेऱ्यातील विशेषणे काढून टाकून त्याचा प्रश्न करून आणायला त्यांनी सांगितले. ‘स्मरणिका’ या शब्दाचा प्रश्न करताना मला दोन संध्याकाळी लागल्या. अखेरीस मी लिहिले: या बेचाळीस पानांत असा कोणता प्रश्न आहे, ज्याचे उत्तर आज कोणालाच ठाऊक नाही? असा एकही प्रश्न मला सापडला नाही. १७०२ मध्ये बख्त बुलंद शाहने वसवलेल्या नागपूरपासून भोसल्यांच्या काळापर्यंतची अकरा पाने मी प्रेमाने लिहिली होती. ती वाचनीय होती, परंतु पुराबद्दल काहीच सांगत नव्हती. ती काढताना मला फार वाईट वाटले.

दुसरा प्रश्न आकड्यांचा होता. पाणी कोठे किती चढले, हे मी वर्तमानपत्रांतील कात्रणांवरून लिहिले होते. म्हणून टेप घेऊन नाग नदीच्या काठच्या गल्ल्यांतून घरोघर फिरू लागले. तोपर्यंत एक दिवाळी होऊन गेली होती आणि बहुतेक घरांच्या दर्शनी भिंती रंगवून झाल्या होत्या. पुराच्या रेघा उरल्या होत्या त्या मागच्या भिंतींवर, जिन्याखाली आणि मीटरच्या पेट्यांवर. आराखडा शोभिवंत करण्यात घालवलेल्या महिन्यांत मी इथे आले असते तर कितीतरी खुणा हाती लागल्या असत्या, ही खंत मला नामंजुरीहूनही अधिक लागली.

एक शेरा मात्र मी मान्य केला नाही. रहिवाशांच्या मुलाखती हा पुरावा धरता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. ज्या आजींनी अंधारात, पाण्यात उभे राहून पलंगावर पलंग रचला, त्यांना पाणी कोणत्या बाजूने आले हे भिंतीपेक्षा अधिक ठाऊक असते, असे मला मनापासून वाटते. तरीही नुसते वाटणे पुरेसे नव्हते. म्हणून प्रत्येक कथनासमोर त्याच घरातील मोजलेली उंची मांडायची, आणि दोन्ही जुळत नसतील तर तेही नोंदवायचे, अशी पद्धत मी लिहून काढली. शेऱ्याशी असहमत राहूनही त्याचा उपयोग झाला, तो असा.

डिसेंबरमध्ये मी चौदा पाने घेऊन पुन्हा उभी राहिले. ‘स्मरणिका’ म्हणणाऱ्या सदस्यांनी माझी मोजमापांची वही मागून घेतली, बराच वेळ पाने उलटली आणि विचारले, ‘वाहत्या पाण्याची खूण आणि तुंबलेल्या पाण्याची खूण तुम्ही वेगळी कशी ओळखणार?’ तुंबलेल्या पाण्याची रेघ समपातळीत राहते, एवढेच मी सांगू शकले. पुढचे उत्तर शोधण्याच्या अटीवर आराखडा मंजूर झाला. तो प्रश्न आता वहीच्या पहिल्या पानावर आहे, आणि त्यासाठी डागा लेआउटमधील सात घरांच्या मागच्या भिंती मी पुन्हा मोजत आहे.