ओसाडीचा वास आणि सूर्यफुलाच्या कुळाची केमिस्ट्री

भातकापणीच्या सुमारास आमच्या रत्नागिरीकडे जिथे बघाल तिथे ओसाडी, गडग्याला, मेरेवर, पाणंदीत, अगदी माडाच्या आळ्यातसुद्धा. निळसर जांभळे झुपके आणि पान चुरगळलं की तो उग्र वास, साबण लावला तरी हाताला राहतो. तण म्हणून उपटतात लोक आणि तण आहेच ते, पण त्या वासात काय भरलंय हे वाचल्यापासून मला ओसाडी नुसती उपटून टाकवत नाही, हातात धरून बघत बसतो.

तिच्या तेलात प्रिकोसीन नावाची संयुगं असतात. 1976 मध्ये कीटकशास्त्रज्ञ विल्यम बॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अमेरिकेत शोधून काढली, ओसाडीची बागेत लावतात ती बहीण असते ना, अ‍ॅजिरेटम हौस्टोनियानम, तिच्यातून. आता गंमत बघा, कीटकाचं पिल्लू पिल्लूच राहावं म्हणून त्याच्या अंगात ज्युवेनाइल हार्मोन असतं आणि ते बनवणारी ग्रंथीच प्रिकोसीनने निकामी होते, म्हणजे सगळ्या कीटकांत नाही पण काहींत. मग ते पिल्लू वेळेआधीच कात टाकून मोठं होतं, बुटकं राहतं आणि त्याला प्रजा होत नाही. किडा जिवंत पण वंश खलास. एका मेरेवरच्या झाडाकडे एवढी अक्कल!

ही ओसाडी सूर्यफुलाच्या कुळातली, अ‍ॅस्टरेसी. झेंडू, शेवंती, माका, एकदांडी, रानमोडी, चटणीचे कारळे, घाटातली सोनकी, सगळी एकाच घरची. जगातल्या फुलझाडांच्या दर दहा जातींमागे साधारण एक याच कुळातली आहे. एवढा पसारा कसा वाढला याची कारणं बरीच देतात, वाऱ्यावर उडणारं बी, शेकडो बारकी फुलं एकत्र येऊन झालेलं एक 'फूल', ते सगळं खरंच आहे. पण मला विचाराल तर या कुळाचा खरा जोर केमिस्ट्रीत आहे, आणि त्यातही कडूपणात.

या कडू संयुगांना सेस्क्विटर्पीन लॅक्टोन म्हणतात. गाजर गवत उपटून हातावर पुरळ उठतं ते त्यातल्या पार्थेनिनमुळे. आणि मलेरियावरचं आर्टेमिसिनिन, जे चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या टीमने 1972 मध्ये चीनमधल्या आर्टेमिसिया नावाच्या झाडातून वेगळं केलं आणि 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेही याच खानदानातलं.

ही कडू रेसिपी किती जुनी? दक्षिण अमेरिकेत अँडीजकडे बार्नाडेसिया नावाचं काटेरी झुडूप आहे. 1987 मध्ये जॅन्सन आणि पामर या शास्त्रज्ञांनी दाखवलं की या कुळातल्या बाकी झाडांच्या क्लोरोप्लास्टमधल्या, म्हणजे पानातल्या हिरव्या कणांतल्या, डीएनएचा एक मोठा तुकडा उलटा फिरलाय आणि फक्त बार्नाडेसियाच्या गटात तो जुन्यासारखाच आहे, म्हणजे ही फांदी सगळ्यात आधी वेगळी झाली. मग 2010 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तपासलं तर लॅक्टोन बनवायच्या सुरुवातीच्या पायरीवरचं एन्झाइम बार्नाडेसियातही सापडलं, आणि तेच काम करणारं! म्हणजे रेसिपीची ही सुरुवात जवळजवळ कुळाइतकीच जुनी. आर्टेमिसिनिन बनवणारं एन्झाइमसुद्धा याच जुन्या एन्झाइमातून पुढे घडलेलं आहे. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगतो.

आणि या कुळाचं वय तर बघा. पॅटागोनियात सापडलेला या कुळाच्या फुलाचा जीवाश्म सुमारे 4.75 कोटी वर्षांचा, अंटार्क्टिकात मिळालेले परागकण त्याहून जुने, डायनासोरच्या काळातले, आणि 2019 च्या डीएनए अभ्यासानुसार कुळाची सुरुवात साधारण 8.3 कोटी वर्षांपूर्वीची. आमच्या सड्याखालचा, म्हणजे कातळाच्या माळाखालचा, काळा दगड ज्या लाव्हाचा, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे सड्यावर उगवणारं हे कूळ खालच्या दगडापेक्षा म्हातारं.

बाकी हत्यारंही कमी नाहीत. अक्कलकाढ्याचं पिवळं बोंड चावलं की आधी लाळ सुटते, मग जिभेचं टोक झिणझिणतं आणि हळूहळू बधिर होतं, ते स्पिलँथॉलमुळे. झेंडूच्या मुळात थायोफीन असतात, मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींवर ती चालतात हे 1958 मध्येच दाखवलं गेलं. वांग्या-टोमॅटोत झेंडू लावायला सांगतात ते उगाच नव्हे.

आणि ओसाडीतच अजून एक विष आहे, पायरोलिझिडिन अल्कलॉइड, गुरांच्या लिव्हरला वाईट. पण ब्लू टायगरसारख्या फुलपाखरांचे नर तेच शोधत येतात. दसऱ्यानंतर उन्हाच्या वेळी गडग्याशी थांबून बघा, वाळत आलेल्या ओसाडीवर चार-पाच नर एकाच झुपक्याला सोंड लावून चिकटलेले असतात, हात जवळ नेला तरी उडत नाहीत. त्या अल्कलॉइडपासून ते मादीसाठीचा गंध बनवतात, शिवाय पक्ष्यांना ते बेचव लागतात.

म्हणून मी कलमांच्या बागेतली रानमोडी दरवर्षी साफ करतो, ती वाळली की वणव्याला आमंत्रणच, त्यात दुमत नाही. पण गडग्याकडची ओसाडी दिवाळी होईपर्यंत कुणाला कापू देत नाही.