उलटा लेप

नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या धक्क्यावर होड्या लागल्या की डोल जाळ्यातून उतरलेल्या मालातला थोडा विकत घ्यायचा, जात ओळखायची, लांबी-वजन टिपायचं. खाडीच्या पाहणीचं हे काम मी 11 वर्षं करते आहे. पाटीत जवळा, मांदेली आणि ढोमीच जास्त. लेप, म्हणजे जिभेच्या आकाराचे चपटे मासे, दोन-चार, कधी तेवढेही नाहीत.

त्या सकाळी हा मासा मी ओळखला नाही. ओळखला तो मासे विकणाऱ्या मावशींनी. गिऱ्हाईकाला लेप सोलून द्यावा लागतो. डोक्यापाशी चीर घ्यायची, अंगठ्याने कातडीची कड सोडवायची आणि बोटांना मीठ लावून एका दमात शेपटीपर्यंत ओढायची. मावशींचा हात हे न बघता करतो. तो हात मध्येच थांबला. "यो बग गो बाय, उलटा हाय."

मला आधी कळलंच नाही. मासा ताजा होता, रंग नेहमीचा मातकट, दोन्ही डोळे वरच्या अंगाला. मग मी तो मापपट्टीवर ठेवला. लेप डोळ्यांची बाजू वर करून, डोकं डावीकडे टेकवून ठेवला की त्याचं इवलंसं पोट माझ्याकडे येतं. याचं पोट पलीकडे गेलं.

चपट्या माशांचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा इतर माशांसारखंच असतं, दोन बाजूंना दोन डोळे, पोहणंही उभं. मग थायरॉइडच्या संप्रेरकाने रूप पालटतं, एक डोळा दुसऱ्या अंगाला सरकतो आणि मासा आंधळी बाजू खाली करून तळाशी निजतो. लेपाचा उजवा डोळा डावीकडे येतो. सोल या दुसऱ्या चपट्या माशांच्या कुळात डावा उजवीकडे जातो. भाकस हे चपटे मासे मात्र दोन्ही तऱ्हेचे मिळतात, त्यामुळे भाकस असता तर मी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. इथे लेपाचे डोळे उजव्या अंगाला होते. असे लेप सापडल्याच्या नोंदी आहेत, पण क्वचित. माझ्या हाती पहिल्यांदाच येत होता.

आमचा सहकारी हुशार मुलगा आहे, टॅबवर बोटं भराभर चालतात, पण मासा हातात घेणं त्याला आवडत नाही. त्याच्या फॉर्ममध्ये चपट्या माशांसाठी पहिला प्रश्न हाच: डोळे डावीकडे की उजवीकडे? त्याने 'उजवीकडे' दाबलं आणि लेपाचं कूळ यादीतून गायब झालं. उरलं सोल. त्याने तेच भरलं. फॉर्म तसाच बनवलाय, त्याला मी दोष देत नाही. ज्यांनी तो बनवला त्यांनी एकदा तरी धक्क्यावर यायला हवं होतं.

मी त्याला मासा दाखवला. छातीचे पर नाहीत. तोंडावर आकड्यासारखं वाकलेलं मुस्कट. पाठीचा आणि पोटाचा पर शेपटीत मिसळून एकच टोक झालेलं. आणि डोळ्यांच्या बाजूला एक सोडून दोन रेघा: एक अंगाच्या मधोमध, दुसरी पाठीच्या कडेने. सोलच्या कुळात अशी एकच रेघ असते. 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवर लिहिताना या गणाला साइनोग्लॉसस म्हटलं, म्हणजे कुत्र्याची जीभ. तीच जीभ होती ही, फक्त दुसऱ्या कुशीवर निजलेली.

ठाण्याला प्रयोगशाळेत आलो. फॉर्मलिनमध्ये घालण्याआधी डीएनएसाठी मांसाचा तुकडा घ्यावा लागतो, कारण फॉर्मलिनमध्ये डीएनए खराब होतो. तुकडा नेहमी उजव्या अंगाचा घेतात, डावं अंग फोटोसाठी आणि खवले मोजण्यासाठी शाबूत ठेवतात. लेपाला हा रिवाज फार सोयीचा, कारण त्याचं उजवं अंग म्हणजे आंधळी, पांढरी बाजू. माझी सुरी सवयीने उजव्या अंगाला लागली. रेघा, रंग, डोळे, जे काही जपायचं होतं ते सगळं त्याच अंगाला. कल्ल्यामागचा एक खवला निघाला आणि मी हात मागे घेतला. मग पांढऱ्या बाजूचा तुकडा घेतला.

संध्याकाळी फोटो एका जाणकारांना पाठवला. उत्तर आलं: नेहमीचा लेप, यात विशेष काय?

फोटो उघडला तर खरंच नेहमीचा लेप. पोट खाली, डोकं डावीकडे. अहवालात प्रत्येक माशाचं डोकं डावीकडे हवं, असा नियम आहे. सहकाऱ्याने तो पाळण्यासाठी फोटो आरशात धरल्यासारखा उलटा केला होता आणि शेजारची क्रमांकाची चिठ्ठी कापून टाकली होती. चिठ्ठी असती तर तिच्यावरची उलटी अक्षरं तरी बोलली असती. मूळ फोटो त्याच्या फोनमध्ये सापडला. तो मी पुन्हा पाठवला. या वेळी जाणकारांचा फोन आला, तो तासभर चालला.

त्या रात्रीपासून मी जुन्या वह्या काढून बसते. 11 वर्षांत 'सोल, नग 1' अशा पाच नोंदी आहेत. तीन ठिकाणी पुढे अंगावरच्या पट्ट्यांचा उल्लेख आहे, ते सोल नक्की. उरलेल्या दोन नोंदींत लांबी आणि वजन सोडून काही नाही. फोटो नाहीत, मासे मोजून झाल्यावर आम्ही देऊन टाकले होते. त्यातली एक नोंद माझ्या अक्षरात आहे.

पुढच्या उधाणाला धक्क्यावर गेले तेव्हा मावशींना विचारलं, असा आधी कधी पाहिला होतात का?

"आला आसंल," मावशी म्हणाल्या. "सोलून दिला आसंल."