बंद करण्याचा नियम आधी, उघडण्याची तारीख नंतर

कोरोनामुळे बंद झालेली आमची प्राथमिक शाळा कधी उघडायची हे ठरण्याआधी ती पुन्हा कधी बंद करायची, ते आम्ही एका कागदावर लिहून काढलं. एका गटात (म्हणजे ठरलेल्या दिवशी येणाऱ्या अर्ध्या वर्गात) १४ दिवसांच्या आत दोन जण पॉझिटिव्ह निघाले तर तो गट घरी. दोन वेगवेगळ्या गटांत तसं झालं तर सगळी शाळा एक टप्पा मागे. तो कागद ऑफिसात आणि गेटवर लावला, पालकांना वाचून दाखवला. शाळा टप्प्याटप्प्याने सुरू करताना आम्ही जी काही तयारी केली, तीत मला हा कागद सर्वांत मोलाचा वाटतो. रुग्ण सापडतो त्या सकाळी कोणालाच शांतपणे विचार करता येत नाही. नियम लिहिलेला असला की फक्त फोन लावायचे उरतात.

दोन टप्प्यांमध्ये आम्ही दोन आठवडे ठेवले, आणि त्याला कारण आहे. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात, काहींना १४ दिवसही लागतात. म्हणजे आज टाकलेल्या पावलाचा निकाल दोन आठवड्यांनी हाती येतो. आठवड्याभरात ‘सगळं नीट चाललंय, पुढचे वर्ग बोलवा’ असा आग्रह सुरू होतो, तेव्हा मागचा निकाल लागलेलाच नसतो. आम्ही पहिला आठवडा फक्त शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचा ठेवला. मग पहिली-दुसरीचा अर्धा पट, तीन तास, डब्याशिवाय. दोन आठवड्यांनी तिसरी-चौथी. आणखी दोन आठवड्यांनी वेळ वाढवून डबा, आणि सगळ्यात शेवटी दोन्ही अर्धे एकत्र. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मुलं वाढवली तर तास वाढवायचे नाहीत. दोन्ही एकदम केलं तर कशामुळे बिघडलं ते कळत नाही.

लहान वर्ग आधी की मोठे, यावर बरीच चर्चा होते. १५ एप्रिल २०२० रोजी युरोपात सर्वांत आधी डेन्मार्कने शाळा उघडल्या, तेव्हा सुरुवात लहान मुलांपासूनच केली होती. अंतर पाळणं लहानग्यांना सर्वांत अवघड जातं, हे खरं. पण पहिलीतल्या मुलाला फोनवरून अक्षरं गिरवायला शिकवता येत नाही, पेन्सिल कशी धरलीय तेही दिसत नाही. म्हणून आम्हीही पहिलीपासूनच सुरुवात केली आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

बंद इमारत जशी सोडली तशी राहत नाही. कुलूप काढल्यावर आधी पाणी बघा. नळात कित्येक महिने साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, त्यात फुप्फुसाला घातक असा लीजिओनेलाही असू शकतो. टाकी रिकामी करून घासली, भरली, आणि टाकीजवळच्या नळापासून शेवटच्या नळापर्यंत एकेक करून प्रत्येकी किमान पाच मिनिटं पाणी सोडून दिलं. लीजिओनेला पाण्याच्या तुषारांतून श्वासात जातो, त्यामुळे हे काम खिडक्या उघडून आणि नळ हळू सोडून करायचं. स्वच्छतागृहात दुर्गंधी येत असेल तर नुसतं घासून ती जात नाही. जाळीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकलेलं असतं आणि गटाराची हवा थेट वर येते. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतलं की वास थांबतो. अग्निशामक नळकांडी आणि प्रथमोपचार पेटीतली औषधं यांच्या तारखा तपासा. पंख्याचं बटण दाबण्याआधी उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या.

आणि खिडक्या. आमच्या निम्म्या खिडक्या उघडतच नव्हत्या. कुठे रंग देताना झडपा चौकटीला चिकटलेल्या, कुठे बिजागऱ्या गंजलेल्या, कुठे बाहेरून गांधीलमाश्यांचं पोळं. ज्या उघडल्या त्या वाऱ्याने आपटून पुन्हा लागायच्या, कारण हूक तुटलेले. बाक पुसण्यासाठी जितकी माणसं लावली, तितकी पहिल्या दिवसापासून खिडक्यांना लावायला हवी होती. हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. बंद खोलीत बोलताना, मोठ्याने वाचताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण बराच वेळ तरंगत राहतात. छताचा पंखा खिडक्या लावून फिरवला तर तीच हवा सगळ्यांना वाटली जाते.

हवा खेळती आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र घेतलं. बाहेरच्या हवेत तो आकडा साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. ६ मीटर बाय ७.५ मीटरच्या वर्गात १६ मुलं आणि एक शिक्षक दारं-खिडक्या लावून बसले, तर अर्ध्या तासाच्या आत आकडा १००० च्या पुढे जातो. समोरासमोरची एक खिडकी आणि दार पूर्ण उघडलं की काही मिनिटांत तो खाली येताना दिसतो. आम्ही ८०० ही मर्यादा धरली. यंत्र खिडकीजवळ ठेवू नका, तिथे आकडा फसवा कमी येतो. मुलाच्या तोंडासमोरही नको, तिथे फसवा जास्त येतो. भिंतीजवळ, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवायचं आणि अधूनमधून बाहेरच्या हवेत नेऊन तपासायचं. तिसरीतली मुलं आकडा वाचायला लगेच शिकली. ८०० दिसले की खिडकीजवळचा मुलगा उठून झडप आणखी उघडायचा, सांगावं लागायचं नाही.

बैठक ठरवताना टेप घेऊन मोजा, अंदाजाने नको. दोन मुलांमध्ये एक मीटर मोकळं हवं असेल, तर मुलाची स्वतःची जागा धरून एका बैठकीला साधारण १.४ मीटर लागतात. फळ्यापुढे दोन मीटर शिक्षकांसाठी सोडल्यावर वरच्या मापाच्या वर्गात चार ओळींत चार, अशी १६ मुलं बसतात. पट ३२ असेल तर बरोबर दोन गट. ३५ असेल तर तीन मुलं कुठे बसवायची हे आधीच ठरवा, पहिल्या दिवशी दारात उभं राहून ते ठरत नाही. जागेच्या खुणांसाठी चिकटपट्टी लावू नका. फरशी दोनदा पुसली की कडा सुटते, आणि सुटलेली कडा मुलं नखाने ओढत बसतात. ऑइल पेंटचा ठिपका टिकतो, फक्त तो वाळायला आणि वास जायला दोन दिवस हाताशी ठेवा.

गट पाडताना आमची मोठी चूक झाली. हजेरीपत्रकातल्या क्रमांकाने पाडले, पहिले १६ अ गट, पुढचे १६ ब. अ गट सोमवार-मंगळवार, ब गट गुरुवार-शुक्रवार, बुधवारी सफाई आणि घरी असलेल्या मुलांना फोन. कागदावर सुंदर दिसत होतं. प्रत्यक्षात बहीण अ गटात आणि भाऊ ब गटात आला, एकाच घरातले पालक आठवड्यात चारही दिवस गेटवर. शिवाय एका घरातून दोन गटांना जोडणारा दुवा तयार झाला, म्हणजे गट पाडण्याचा हेतूच फसला. सगळी यादी फाडून कुटुंबाप्रमाणे पुन्हा केली. आधी भावंडं, मग एका रिक्षातून येणारी मुलं, मग शेजारी, आणि उरलेल्यांनी जागा भरायच्या. यादी बनवायला पूर्ण दिवस गेला, पण पुढचे दोन महिने तिनेच तारलं.

दुसरा दुवा आम्हीच होतो. मुलं आपल्या गटात चोख राहतात आणि शिक्षक मधल्या सुट्टीत एका टेबलाभोवती मास्क काढून चहा घेतात. रजेवरच्या शिक्षकाच्या जागी कोणीही कोणत्याही गटावर जातं. शिक्षकखोलीतल्या खुर्च्या कमी करून चार ठेवल्या, चहा व्हरांड्यात, आणि बदली शिक्षक गटांच्या ठरलेल्या एका जोडीपुरताच. हे नियम मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त जड गेले.

गेटवरची थर्मल गन पालकांना धीर देते, त्यापलीकडे तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. उन्हातून चालत आलेल्या मुलाचं कपाळ उगाच तापलेलं दाखवतं, गार वाऱ्यातून आलेल्याचं कमी. सावलीत पाच मिनिटं थांबवून, घाम पुसून मोजा. लागण झालेल्या कितीतरी मुलांना ताप येतच नाही. त्याहून उपयोगी म्हणजे घरून निघण्याआधी पालकांनी स्वतःला विचारायचे चार प्रश्न: ताप, खोकला, जुलाब-उलटी आहे का? घरात कोणी आजारी आहे का? ९० मुलं एकाच वेळी आली तर तपासणीची रांग हीच गर्दी होते, म्हणून गटांच्या वेळा १५ मिनिटांनी पुढे-मागे केल्या.

हात साबणानेच धुवावेत. चार नळांवर १६ मुलांना, प्रत्येकी ४० सेकंद आणि रांग पुढे सरकण्याचा वेळ धरला, तर एका फेरीला साधारण पाच मिनिटं जातात. आल्यावर, डब्याआधी, डब्यानंतर, निघताना मिळून २० मिनिटं वेळापत्रकात लिहूनच ठेवा, नाहीतर ती गणिताच्या तासातून जातात. पायाने दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड प्राथमिक शाळेत नको. मोठ्यांच्या कमरेइतकी त्याची तोटी लहान मुलाच्या डोळ्यांसमोर येते आणि अल्कोहोलची धार थेट डोळ्यात जाऊ शकते. बाटली शिक्षकांच्या हाती ठेवा.

पुसण्याबद्दल थोडक्यात. ५ टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) २०० मिली, पाणी ९.८ लिटर, की १० लिटर ०.१ टक्क्यांचं द्रावण झालं. आधी साबणाच्या पाण्याने पुसायचं, कारण मळ असेल तर क्लोरीन तिथेच खर्ची पडतं. मग द्रावण लावून १० मिनिटं ओलं ठेवायचं. रोज ताजं करायचं, गरम पाण्यात नाही, आणि स्वच्छतागृहाच्या ॲसिडशी कधीच मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. वर्गात फवारणी करण्याचा काही उपयोग नाही आणि मुलांवर तर कधीच करू नये.

मास्कवर दोऱ्याने नाव शिवून घ्या. मुलं मास्क अदलाबदल करतात, चित्र आवडलं म्हणून. ओला झालेला मास्क बदलायला प्रत्येकाच्या दप्तरात दोन जादा हवेत. पण पहिलीच्या वर्गात मास्कची खरी अडचण वेगळी आहे. ‘प’ आणि ‘ब’ म्हणताना ओठ मिटतात, ‘त’ला जीभ दातांना लागते, ‘ट’ला वर वळते, हे मूल शिक्षकांच्या तोंडाकडे बघून शिकतं. मास्कमागून ‘ब’ आणि ‘म’ सारखेच ऐकू येतात. आम्ही उच्चाराचा पाठ मैदानात नेला, शिक्षक तीन मीटर लांब उभे राहून त्या १० मिनिटांपुरता मास्क काढायचे. मुलं मास्क लावूनच म्हणायची. नुसतं प्लॅस्टिकचं शील्ड हा त्यावर उपाय नाही, बाजूंनी हवा मोकळी जाते-येते.

डबा सर्वांत जोखमीचा, कारण तेव्हा सगळ्यांचे मास्क एकदम उतरतात. म्हणूनच तो उशिरा सुरू केला. मोकळ्या जागेत, सगळ्यांची तोंडं एका दिशेला, खाताना बोलणं नाही, आणि शिक्षकांनी त्या वेळात मोठ्याने गोष्ट वाचायची. गोष्ट चालू असली की मुलं खरोखर गप्प बसतात.

आजारी मुलासाठी एक खोली आधीच रिकामी ठेवा. दोन खिडक्या, दोन खुर्च्या, मास्कचं पाकीट, पाण्याची बाटली, आणि सोबत एक मोठं माणूस. मुलाला एकटं बसवायचं नाही, ते घाबरतं. शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक पालकाच्या नंबरवर फोन लावून बघा. बंदच्या काळात बरेच नंबर बदललेले असतात आणि ते नेमके गरजेच्या वेळी कळतं. रोजचा बैठकीचा नकाशा तारीख घालून जपा, म्हणजे आजारी मुलाच्या आजूबाजूला कोण बसलं होतं ते १० मिनिटांत सांगता येतं.

अभ्यासाचं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात परीक्षा घेऊ नका. मुलांना बसायचीच सवय उरलेली नसते, बोटांतली ताकदही गेलेली असते. जिथे पूर्वी १० ओळी लिहायची, तिथे तिसऱ्या ओळीला हात झटकतात. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलाला तीन मिनिटं शेजारी बसवून वाचून घ्या. आधी अक्षरं, मग साधे शब्द, मग जोडाक्षरं, मग एक छोटा उतारा. १६ मुलांना ४८ मिनिटं, एक तास पुरतो. दुसरीत बसलेली काही मुलं आयुष्यात पहिल्यांदाच वर्गात आली होती, त्यांचा पाया पहिलीचाच धरावा लागला. जी मुलं आलीच नाहीत त्यांची वेगळी यादी ठेवली आणि दर बुधवारी पहिला फोन त्यांनाच. कुणाच्या घरी म्हातारी आजी होती, कुणाचं घरच दुसरीकडे गेलं होतं. घरी आजी असलेल्या मुलाला आठवड्याचा अभ्यास पाकिटातून देता येतो. घर बदललेल्या मुलाला नव्या गावच्या शाळेत नाव घालायला मदत करावी लागते.

शेवटच्या टप्प्यात दोन्ही गट एका वर्गात आले तेव्हा अंतर एक मीटर राहिलं नाही, खिडक्या आणि मास्क तेवढे राहिले. एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. एकाच इयत्तेतली ही मुलं कित्येक आठवडे वेगळ्या दिवशी येत होती, त्यांना एकमेकांची नावंच माहीत नव्हती. पहिला आठवडाभर प्रत्येक बाकावर नावाची चिठ्ठी ठेवली, आणि प्रत्येक बाकावर अ गटातलं एक आणि ब गटातलं एक, असं बसवलं.