मीठ आधी की नंतर

पुएब्लात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बाजारात ‘तोमाते’ मागितले आणि भाजीवाल्या बाईंनी कागदासारख्या सुक्या सालीत गुंडाळलेली लहान, हिरवी फळे माझ्या पिशवीत ओतली. मेक्सिकोच्या या मध्य भागात लाल टोमॅटोला ‘हितोमाते’ म्हणतात, आणि नुसते ‘तोमाते’ म्हटले की ही आंबट हिरवी फळे मिळतात; दोन्ही शब्द नाहुआत्ल या इथल्या जुन्या भाषेतून आलेले आहेत. साल्सा घरी करण्याचा माझा पहिला धडा असा बाजारातच झाला. पुढचे सगळे धडे शेजारच्या आजींनी दिले, आणि त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक धडा फिरून मिठाशीच येत असे.

‘साल्सा’ या स्पॅनिश शब्दात पातळ-घट्ट, कच्चे-शिजवलेले असे सगळेच सॉस येतात. त्यातला न शिजवलेला, नुसता चिरून केलेला प्रकार म्हणजे ‘पिको दे गायो’. इथे त्याला ‘साल्सा मेहिकाना’ असेही म्हणतात, कारण टोमॅटोचा लाल, कांद्याचा पांढरा आणि मिरची-कोथिंबिरीचा हिरवा हे तिन्ही रंग मेक्सिकोच्या झेंड्यातले आहेत. चार घट्ट, लांबट टोमॅटो, अर्धा पांढरा कांदा, दोन सेर्रानो मिरच्या, मूठभर कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, एका लिंबाचा रस आणि मीठ, एवढ्यात चार माणसांचे भागते. टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवलेले नसावेत, कारण थंडीने त्यांचा वास मरतो. सुरी मात्र धारदारच हवी. बोथट सुरीने टोमॅटो कापला न जाता चेंगरतो आणि पाणी फळीवरच वाहून जाते.

एकदा जेवायला पाहुणे येणार म्हणून मी सकाळीच सगळे चिरून, मीठ-लिंबू घालून झाकून ठेवले. दुपारी झाकण काढले, तर लालसर पाण्यात टोमॅटोच्या मऊ पडलेल्या फोडी तरंगत होत्या आणि कोथिंबीर काळवंडली होती. आजींनी पाहिले आणि त्या एवढेच म्हणाल्या, “मिठाला घाई असते, मिहा.” (‘मिहा’ म्हणजे ‘पोरी’.) मीठ टोमॅटोतले पाणी बाहेर ओढते. पंधरा मिनिटे ओढले, तर त्या रसातच लिंबू, मिरची आणि कांदा एकमेकांत मुरतात. चार तास ओढले, तर फोडीत काही उरतच नाही. म्हणून या प्रकारात चिरणे आधी करून ठेवले तरी चालते, पण मीठ मात्र पाने घेण्याच्या बेतात असतानाच घालावे.

मिरचीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिखटपणा बियांत असतो, असे बहुतेकांना वाटते. खरे तर तो ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात, त्या शिरेत असतो आणि बियांना तो तिच्यामुळे लागतो. सौम्य साल्सा हवा असेल, तर ती शीर सुरीच्या टोकाने खरवडून काढावी. सेर्रानो ही हालापेन्योपेक्षा तिखट असते आणि हाबानेरो या दोघींच्या कितीतरी पुढे, म्हणून मिरच्यांची संख्या जात पाहून ठरवावी.

आता मोल्काहेते. ज्वालामुखीच्या काळ्या, सच्छिद्र दगडाचा हा तीन पायांचा खल, आणि त्याच दगडाचा मुठीत मावणारा बत्ता म्हणजे ‘तेहोलोते’. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या पायथ्याचे सान निकोलास दे लोस रांचोस हे गाव दगडाच्या या कामासाठी ओळखले जाते. नवा खल लगेच वापरता येत नाही: त्यात मूठभर कोरडे तांदूळ वाटायचे, करडे झालेले पीठ टाकून द्यायचे आणि पुन्हा नवे तांदूळ घ्यायचे. माझ्या खलातून पांढरे पीठ निघाले ते पाचव्या वेळी, आणि तोवर मनगट भरून आले होते. काही ठिकाणी सिमेंटचे नकली खलही विकायला असतात. त्यांची कच कितीही वाटले तरी संपत नाही.

या खलात मिठाची जागा नेमकी उलटी होते. पहिल्यांदा जाडे मीठ आणि लसणाची पाकळी घालायची, कारण मिठाचे खडेच लसूण आणि मिरचीचे तंतू फाडतात. त्यांच्यावाचून लसूण बत्त्याखालून नुसता निसटत राहतो. त्याचा गुळगुळीत लगदा झाला, की तव्यावर, म्हणजे ‘कोमाल’वर, काळे डाग पडेपर्यंत भाजलेली मिरची आणि तिच्यामागून तसेच भाजलेले टोमॅटो एकेक करून घालायचे. बत्ता आपटायचा नाही, गोल फिरवत दाबायचा. शेवटी बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर वरून मिसळायची, वाटायची नाही. हेच जिन्नस मिक्सरमध्ये मी करून पाहिले आहेत; पात्यांमुळे आत हवा शिरते, रंग फिका गुलाबी होतो, वर फेस येतो, आणि जिभेला प्रत्येक घास सारखाच लागतो. खलातल्या साल्सात एका घासाला टोमॅटोची जाड फोड येते, तर दुसऱ्याला मिरचीचा तुकडा.

आजी तो साल्सा वाडग्यात काढत नाहीत. मोल्काहेतेच टेबलाच्या मधोमध येतो, गरम तोर्तियाच्या तुकड्याने सगळे त्यातूनच घेतात आणि दगडाच्या भोकांत अडकलेला शेवटचा रसही तोर्तियानेच पुसला जातो. नंतर साबण न लावता, नुसत्या पाण्याने आणि ब्रशने खल घासून तो खिडकीत उन्हाला पालथा ठेवायचा.