भाकरी थापताना स्तोत्र

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातलं १:३५ हे वचन मला फार जवळचं वाटतं. आदल्या संध्याकाळी कफर्णहूमात सगळं गाव दाराशी जमलेलं, आजारी माणसं आणलेली, आणि तरी येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. मग त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो नी म्हणतो सगळे तुम्हाला शोधताहेत, तर प्रभू त्या गर्दीकडे परत जातच नाही, म्हणतो चला शेजारच्या गावांत! मला तरी वाटतं कुठलं काम आपलं नि कुठलं नाही, हे त्याला प्रार्थनेतच स्पष्ट झालं असेल.

आता आमच्या भुसावळात, रेल्वेवाल्या घरात, शांत पहाट कुठली? ह्यांची ड्युटी कधी रात्री कधी पहाटे, डबा, पोरांची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या. निवांत तास मिळाला की बायबल उघडू म्हटलं तर तो तास येतच नाही. म्हणून कळण्याच्या भाकरी थापताना मी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एकच स्तोत्र म्हणते, आठवडाभर तेच. सध्या १२१वं, आठच वचनं आहेत, पटकन पाठ होतं. त्यात राखणारा झोपत नाही असं आहे ना, नाइट ड्युटीवाल्यांच्या घरात ते फार खोल जातं. मोबाईल मात्र तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत, हे पक्कं.

काही ताई म्हणतात हे तर मार्थेसारखं झालं, म्हणजे येशू घरी आला तरी त्याचं ऐकत न बसता पाहुणचाराच्या गडबडीत राहिली तिच्यासारखं. मला नाही पटत, लूकच्या शुभवर्तमानात १०:४१ मध्ये प्रभू तिला स्वयंपाक सोड म्हणत नाही, पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस म्हणतो.

पुढच्या आठवड्यासाठी छोटं स्तोत्र सुचवा ना कुणी.