मिडसाइज की फुल-साइज : ट्रक घेतानाचा माझा अनुभव

डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये राहायला येऊन आम्हाला अकरा वर्षे झाली, तरी पिकअप ट्रकची गरज कधी भासली नव्हती. गेल्या वर्षी ओळखीच्या एका कुटुंबाकडून जुना कॅम्पिंग ट्रेलर विकत घेतला आणि तो ओढायचा कशाने, हा प्रश्न उभा राहिला. मिडसाइज, म्हणजे मध्यम आकाराचा ट्रक घ्यायचा, हे मी मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकले होते, कारण रोज कचेरीत जाण्यासाठी आणि दुकानासमोरच्या अरुंद जागेत उभा करण्यासाठी तोच सोयीचा होता.

पहिला कौल गॅरेजनेही त्याच्याच बाजूने दिला. चार दारांची, पाच फुटी हौद्याची (मागच्या सामानाच्या उघड्या जागेची) मिडसाइज टोयोटा टॅकोमा २१३ इंच लांब, तर चार दारांची, साडेपाच फुटी हौद्याची फुल-साइज, म्हणजे मोठ्या आकाराची फोर्ड एफ-१५० साधारण २३२ इंच. आमचे गॅरेज आतून २३८ इंच भरले. कागदावर दोन्ही मावतात; परंतु मागच्या भिंतीला फ्रीजर आहे, त्यात वर्षभराचा आमरस आणि खवलेला नारळ आहे आणि तो फ्रीजर तेथून हलणार नाही, हे पत्नीने मोजपट्टी गुंडाळता गुंडाळताच सांगितले.

विक्रेत्याकडे गेलो तेव्हा त्याने टॅकोमा जास्तीत जास्त ६,५०० पौंड ओढते, एवढे एकच वाक्य तीनदा ऐकवले. आमचा ट्रेलर, मित्राच्या ट्रकला जोडून महामार्गावरील वजनकाट्यावर नेला तेव्हा, सामानासकट ४,६०० पौंड भरला होता. म्हणजे प्रश्न मिटला, असे मला वाटले. तो मिटला नव्हता, हे ट्रकचे दार उघडल्यावर कळले.

चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते आणि माणसे व सामान मिळून त्या विशिष्ट गाडीत किती वजन ठेवता येईल, ते तिच्यावर छापलेले असते. मी पाहिलेल्या टॅकोमावर हा आकडा १,१७५ पौंड होता. ट्रेलरचे सगळे वजन काही त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसते. साधारणपणे दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या कडीवर आणि तिच्यामार्फत ट्रकच्या पाठीवर येतो, आणि तो मुद्दाम कमी केला तर ट्रेलर वेगात डोलू लागतो. आमच्या बाबतीत हा भार सुमारे ६०० पौंड होता. आम्ही चौघे मिळून ५८०, हिच, बर्फपेटी व सायकली धरून आणखी १७०. बेरीज १,३५०. ओढण्याची ताकद भरपूर होती, वाहण्याची नव्हती. आणि विक्रेत्याने या दुसऱ्या आकड्याचा उल्लेखही केला नव्हता.

मधल्या काळात होंडा रिजलाइन या दुसऱ्या मिडसाइज ट्रकने मोह घातला. मराठी मंडळाच्या मखरासाठी दरवर्षी चार फूट रुंदीचे प्लायवूड आणावे लागते. टॅकोमाच्या हौद्यात चाकांवरील उंचवट्यांमधली जागा ४८ इंचांपेक्षा कमी असल्याने ते आडवे सपाट बसत नाही, रिजलाइनमध्ये मात्र बसते. परंतु तिची ओढण्याची मर्यादा ५,००० पौंड आहे, आणि टेक्ससच्या ऑगस्टमध्ये समोरून वारा असताना त्या मर्यादेच्या इतक्या जवळ राहण्याची माझी तयारी नव्हती.

मग फुल-साइजकडे वळलो. तेथेही फसगत होता होता राहिली, कारण चामड्याची आसने, काचेचे छत आणि मोठी चाके असलेल्या एका महागड्या ट्रकच्या पट्टीवर जेमतेम १,३९० पौंड लिहिलेले होते. ही सगळी चैनही त्याच हिशेबातून वजा होते. त्याच रांगेतल्या साध्या, कापडी आसनांच्या एफ-१५०वर १,८४० पौंडांचा आकडा होता. या ट्रकना सवयीने ‘हाफ-टन’, म्हणजे अर्धा टन वजन वाहणारे, म्हणतात, पण त्या नावावर विसंबून काही ठरवता येत नाही. पेट्रोल आणि हप्ता यांचा हिशेब मी केला होता, मात्र निर्णय त्यावर अडला नाही.

तो साधा ट्रकच आम्ही घेतला. फ्रीजर जागच्या जागी आहे, ट्रक बाहेर ड्राइव्हवेवर असतो, आणि एप्रिलमध्ये गारांचा इशारा आला की घरातल्या जुन्या गोधड्या घेऊन मी त्याच्या टपावर चढतो.